कृत्रिम सांध्यातील जंतुसंसर्ग : गोळीआधी तपासणी

संधिवाताने अथवा झिजेने निकामी झालेला खुबा किंवा गुडघा काढून त्या जागी कृत्रिम सांधा बसविणे, ही आधुनिक शल्यचिकित्सेची मोठी देणगी होय. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र शासनाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या कमाल किमती निश्चित केल्यामुळे खर्चाचा भारही काहीसा हलका झाला. बहुसंख्य रुग्णांना हा सांधा दीर्घकाळ साथ देतो. तथापि शंभरांपैकी सुमारे एक ते दोन रुग्णांच्या नव्या सांध्यात जंतुसंसर्ग होतो. प्रमाण अल्प असले, तरी ज्याच्यावर ही आपत्ती ओढवते, त्याचे चालणेफिरणे आणि क्वचित प्राणही पणाला लागतात.

जंतू तळ कसा ठोकतात ?

जिवंत हाडामांसाचे रक्षण रक्तातील पांढऱ्या पेशी करीत असतात. धातू व प्लास्टिक यांना रक्तपुरवठाच नसतो. त्वचेवर एरवी निरुपद्रवी राहणारे स्टॅफिलोकोकस वर्गातील जंतू अशा पृष्ठभागास चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर निर्माण करतात. विहिरीच्या पायऱ्यांवरील शेवाळ नुसते पाणी ओतून जात नाही, ते खरवडावे लागते; तसाच हा प्रकार आहे. थराच्या आत जंतूंची वाढ मंदावते व प्रतिजैविक औषधे तेथे निष्प्रभ ठरतात.

काही वेळा जंतू शस्त्रक्रियेच्या वेळीच शिरतात. काही वेळा पायाची चिघळलेली जखम, दाताच्या मुळाशी साचलेला पू यांसारख्या ठिकाणाहून ते अनेक वर्षांनीही रक्तावाटे सांध्यात पोहोचतात.

शस्त्रक्रियागृहातील दक्षता

इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयात सर जॉन चार्नली यांनी १९६२ पासून खुब्याचा आधुनिक कृत्रिम सांधा रूढ केला. आरंभी शंभरांमागे सुमारे सात रुग्णांना संसर्ग होत असे. गाळलेली शुद्ध हवा, शल्यचिकित्सकांचा विशेष पोशाख व इतर दक्षता यांच्या योगे हे प्रमाण पुढे एकाहून खाली आले. १९७० साली जर्मनीतील हाम्बुर्ग येथील डॉ. बुखहोल्ट्स यांनी सांधा पक्का बसविण्याच्या सिमेंटमध्येच प्रतिजैविक मिसळण्याची पद्धत पुढे आणली. आज शस्त्रक्रियेस प्रारंभ करण्यापूर्वी रुग्णाला प्रतिजैविकाची मात्रा देण्याचा प्रघात सर्वत्र आहे.

लक्षणे व तपासणी

पहिल्या काही आठवड्यांत जखमेतून स्राव चालू राहणे, लाली व सूज वाढणे, ताप येणे ही धोक्याची चिन्हे होत. उशिरा होणाऱ्या संसर्गात मात्र ताप नसतोही. बरा झालेला सांधा पुन्हा दुखू लागतो, विश्रांतीतही ठणकतो किंवा त्वचेला छिद्र पडून नासूर वाहू लागतो.

अशा वेळी औषधाच्या दुकानातून परस्पर प्रतिजैविक गोळ्या आणून घेणे, ही सर्वांत घातक गोष्ट होय. गोळ्यांनी वेदना चार दिवस दबते, परंतु थरातील जंतू तसेच राहतात आणि तपासणीत ते सापडेनासे होतात. सांध्यातील द्रव सुईने काढून त्यातील पांढऱ्या पेशी मोजणे आणि जंतू कोणता, त्यावर कोणते औषध चालते हे पाहणे, यावरच पुढील उपचार अवलंबून असतात. काही जंतू सावकाश वाढत असल्याने या तपासणीस दोन आठवड्यांपर्यंत अवधी लागतो. मात्र थंडी वाजून तीव्र ताप येणे, ग्लानी वा धाप लागणे अशी स्थिती असल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णाला रुग्णालयात हलवावे.

उपचार

संसर्ग नवा असून सांधा पक्का असेल, तर सांधा उघडून दूषित भाग खरवडून धुतात, सुटे होणारे भाग बदलतात आणि मूळ सांधा वाचवितात. ही संधी साधारणतः पहिल्या तीन-चार आठवड्यांतच असते. थर जुना झाल्यावर सांधा काढणे बहुधा अपरिहार्य ठरते. काही रुग्णांत जुना सांधा काढून त्याच वेळी नवा बसवितात. इतरांत प्रथम प्रतिजैविकयुक्त सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवून, काही आठवड्यांच्या औषधोपचारानंतर दुसऱ्या शस्त्रक्रियेत नवा सांधा बसवितात.

औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. फ्रान्समधील, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा आठवड्यांच्या तुलनेत बारा आठवड्यांचा औषधोपचार अधिक यशस्वी ठरला. ब्रिटनमधील २०१९ च्या अभ्यासात हाडे व सांध्यांच्या संसर्गात पहिल्या सहा आठवड्यांत योग्य निवडीच्या गोळ्या शिरेतून दिलेल्या औषधाइतक्याच उपयुक्त ठरल्या. यास्तव इंजेक्शन म्हणजेच खरे औषध, हा समज सोडून द्यावा. बरे वाटू लागले म्हणून औषध मध्येच बंद करू नये.

रुग्णांनी घ्यावयाची काळजी

शस्त्रक्रियेपूर्वी मधुमेह काबूत आणावा, धूम्रपान सोडावे, दात व त्वचा यांचे विकार बरे करून घ्यावेत. शस्त्रक्रियेनंतर जखमेवर हळद, राख वा झाडपाल्याचा लेप लावू नये. सांधा बसविल्याची तारीख व प्रकार नमूद असलेली रुग्णालयाची कागदपत्रे जपून ठेवावीत आणि कोणत्याही आजारात ती डॉक्टरांना दाखवावीत.

सांध्याविषयी शंका येताच शक्यतो शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाकडेच जावे. गावातील आरोग्यसेवक व शिक्षक यांनी एवढी एक गोष्ट घरोघरी पोहोचविली, तरी अनेकांचा सांधा वाचू शकेल.