जाम बोल्टच्या आत

दहा मिलिमीटर जाडीचा एक साधा पोलादी बोल्ट व्यवस्थित आवळला, की तो दोन तुकड्यांना सुमारे अडीच टनांच्या जोराने एकमेकांवर दाबून धरतो. अख्ख्या जुन्या जीपचं वजनसुद्धा इतकं भरत नाही. आणि हा जोर येतो कुठून? एका माणसाच्या हातातून आणि फूटभर पान्यातून. मला यंत्रांच्या दुनियेत याहून मोठं नवल माहीत नाही.

आवळताना बोल्ट ताणला जातो. पाच सेंटिमीटरचा बोल्ट जेमतेम एक दशांश मिलिमीटर लांब होतो आणि परत आखूड व्हायला बघतो. त्या ओढीवरच सगळी पकड असते. म्हणजे बोल्ट ही एक अतिशय कडक स्प्रिंग आहे. पण आपण लावलेल्या जोरापैकी या ताणासाठी फक्त दहा टक्क्यांच्या आसपास खर्च होतो. निम्मा जोर बोल्टच्या माथ्याखालच्या घर्षणात जातो, उरलेला आट्यांच्या घर्षणात. आता गंमत बघा. आवळताना नव्वद टक्के घर्षण आणि दहा टक्के ताण, असा शंभराचा हिशोब होतो. सोडवताना घर्षण तेवढंच असतं, पण तो ताण आपल्या बाजूने ओढत असतो. म्हणजे स्वच्छ बोल्ट सोडवायला आवळण्यापेक्षा कमी, ऐंशीच्या आसपास जोर पुरायला हवा.

मग वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीचा बोल्ट पाना मोडेस्तोवर का हलत नाही?

उत्तरासाठी एक नेहमीचं काम बघू. आदिलाबादकडच्या इंद्रवेल्लीच्या रस्त्यावर अजूनही एखादी जुनी महिंद्रा जीप दिसते. 1945 साली पोलादाच्या व्यापारासाठी सुरू झालेल्या या कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीप आणली आणि पुढे दशकानुदशकं ती घडवली. गुडीहतनूर, उटनूर, मधली खेडी, पौष अमावस्येला केसलापूरची नागोबाची जत्रा, अशा वाटांवर माणसं, कापूस, बी-बियाणं वाहून या गाड्या जुन्या झाल्या. त्यातल्या सर्वांत जुन्या पेट्रोल गाड्यांना वीज तयार करायला डायनमो असायचा, आणि जुनी गाडी चालती ठेवणारे लोक कधी ना कधी तो उतरवून ऑल्टरनेटर बसवतात.

कारण सरळ आहे. डायनमोत सगळी वीज फिरत्या भागात तयार होते आणि कार्बन ब्रशमधून बाहेर काढावी लागते. तो फार वेगाने फिरवता येत नाही, आणि इंजिन हळू चालत असलं की जवळजवळ काहीच देत नाही. साठ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे बारा व्होल्टवर दहा अँपिअर झाले, त्यात हॉर्न आणि वायपर, की बॅटरी उतरायला लागते. ऑल्टरनेटरने हे उलटं केलं. वीज तयार होते ती स्थिर भागात, फिरत्या भागाला ब्रशमधून जाते फक्त दोन-चार अँपिअरची किरकोळ वीज. एसीचं डीसी करायला आत डायोड बसतात, आणि वीज मागे फिरू नये हेही काम तेच करतात, त्यामुळे त्यासाठी डायनमोबरोबर लागणारा कटआउट इथे लागत नाही. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले तेव्हाच हे जमलं. 1960 मध्ये अमेरिकेत क्रायस्लरने व्हॅलियंट गाडीला ऑल्टरनेटर सरसकट दिला, आणि मग हळूहळू सगळ्या जगाने तीच वाट धरली.

डायनमो उतरवणं कागदावर तासाभराचं काम. बेल्ट ताणायच्या पट्टीचा एक बोल्ट, खालचा बिजागरीसारखा लांब बोल्ट, आणि इंजिनाला ब्रॅकेट धरणारे दोन-तीन. पट्टीचा बोल्ट उघड्यावर असतो, तो कुरकुरत का होईना निघतो. खरी परीक्षा खालच्या लांब बोल्टची आणि ब्रॅकेटच्या बोल्टची.

आधी गंजाबद्दल. आपल्याला वाटतं, जिथे हवा आणि पाणी भरपूर तिथे गंज जास्त. केंब्रिजचे रसायनतज्ज्ञ युलिक इव्हान्स यांनी गेल्या शतकात लोखंडावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवून पाहिलं. लोखंड झिजलं ते थेंबाच्या मध्यभागी, जिथे ऑक्सिजन सर्वांत कमी पोचतो तिथे. कडेला, जिथे हवा भरपूर, तिथलं लोखंड शाबूत राहिलं. एका थेंबात छोटी बॅटरीच तयार झाली होती: मधलं लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळत होतं, आणि कडेचा ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेत होता.

हेच आट्यांच्या फटीत घडतं. फट कागदाच्या जाडीएवढी. पावसाळ्यात पाणी आत शिरतं, काळ्या मातीचा चिखल बाहेरून लिंपून बसतो आणि ओल धरून ठेवतो. आदिलाबादच्या या पट्ट्यात वर्षाला हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आतली हवा संपते आणि आतलं लोखंड आधी झिजू लागतं. म्हणून बोल्टचा माथा चांगला दिसतो आणि मालक म्हणतो, "हा तर सहज निघेल." आत काय झालंय ते माथ्यावरून कळत नाही.

गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. सिमेंटच्या स्लॅबमधली सळई गंजली की स्लॅब फुटतो, तो याच ताकदीने. बोल्टच्या फटीत फुगायला जागाच नसते, त्यामुळे गंज स्वतः दाबला जाऊन दगडासारखा बसतो. आणि तो दगडच आहे, अगदी रसायनशास्त्राच्या अर्थानेही. खाणीतलं लोखंड म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजनचाच दगड. इथून दक्षिणेला, आजच्या निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनसमुद्रममध्ये एके काळी मुशीत जे पोलाद तयार व्हायचं ते घ्यायला इराणचे व्यापारी यायचे. त्या कारागिरांनी कोळशाच्या धगीत दगडातला ऑक्सिजन काढून लोखंड वेगळं केलं. बोल्टच्या आट्यांत तो ऑक्सिजन सावकाश, बिनआवाजी परत येऊन बसतो.

दुसरी अडचण दोन धातूंची. डायनमोच्या टोकाचे कान बहुधा ॲल्युमिनियमचे असतात आणि त्यातून जाणारा बोल्ट पोलादाचा. दोन वेगळे धातू आणि मधे ओल, म्हणजे पुन्हा बॅटरी. इथे झिजतं ते ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी बोल्टभोवती ठासून भरते, आणि आट्यांचा संबंध नसतानाही बोल्ट त्या भोकात जणू ओतल्यासारखा बसतो. नट आरामात निघतो, बोल्ट मात्र जागचा हलत नाही.

तिसरी अडचण मापांची. जुन्या विलीज घडणीच्या इंजिनावर इंचाचे बोल्ट, पुढे कुणी बदललेले मिलिमीटरचे. अर्ध्या इंचाचा माथा 12.7 मिलिमीटर भरतो. तेरा नंबरचा पाना त्यावर बसतो, बसल्यासारखा वाटतो, पण तीन दशांश मिलिमीटर ढिला असतो. तेवढ्या फरकाने जोर सहा बाजूंवर न पडता सहा कोपऱ्यांवर पडतो. बोल्ट जाम असेल तर कोपरे मुरगळून माथा गोल होतो, आणि मग त्याला धरायला काहीच उरत नाही. म्हणून जाणता मिस्त्री आधी वायर ब्रशने माथा साफ करतो, पाना बदलून बघतो, आणि बारा कोनांच्या रिंग पान्याऐवजी सहा कोनांची गोटी (सॉकेट) घेतो.

पाईपचं काय? पान्याला पाईप लावला की प्रश्न सुटेल असं प्रत्येक मालकाला वाटतं. फूटभर पाना वीस-पंचवीस किलोच्या जोराने ओढला, तर साठ-सत्तर न्यूटन-मीटर पीळ बसतो. आठ मिलिमीटरचा साधा बोल्ट चाळीसच्या आसपासच तुटू शकतो. त्याला पाईप लावणं म्हणजे तो तोडायचं ठरवणंच.

"भाऊ, पाईप ठेवा बाजूला. आधी तेल, मग ठोक, मग शेगडी. जोर शेवटी." अशा अर्थाचं बोलणं कुठल्याही गॅरेजात ऐकू येतं, आणि त्यातला एकेक शब्द भौतिकशास्त्राला धरून आहे.

तेल म्हणजे पातळ तेल. रॉकेल किंवा डिझेल चालतं, बाटलीतलं स्प्रेचं असेल तर उत्तम. फट जितकी अरुंद, तितकं ते आत जास्त ओढलं जातं. एक दशांश मिलिमीटरच्या फटीत रॉकेल गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध सहा सेंटिमीटरपर्यंत वर चढू शकतं. फक्त त्याला वेळ लागतो. संध्याकाळी टाकलेलं तेल सकाळी काम करतं, म्हणून घाई असलेल्या माणसाचाच बोल्ट तुटतो.

ठोक म्हणजे बोल्टच्या माथ्यावर हातोडीचे नेमके, सरळ घाव. पोलाद लवचीक असतं, गंज ठिसूळ. धक्क्याने पोलाद शाबूत राहतं आणि गंजाला तडे जातात. त्या तड्यांतून तेल आणखी आत जातं. मग पहिली हालचाल सोडवण्याकडे करायची नाही. आधी किंचित आवळायचं, मग सोडायचं, पुन्हा आवळायचं. पाव वळसा पुढे, पाव वळसा मागे.

आट्यांची ही वाट निर्मलच्या महबूब घाटासारखी वळत चढते, पण चढ फार सौम्य, तीन अंशांचा. घर्षण मात्र आठ-नऊ अंशांच्या उतारावरही नट धरून ठेवेल एवढं असतं, म्हणून तो आपोआप घसरून खाली येत नाही. जाम बोल्टमध्ये ही वाट गंजाच्या चुऱ्याने अडलेली असते. एकदम सोडवलं तर तो चुरा पुढच्या आट्यांत ठासला जातो आणि बोल्ट अर्ध्यावर कायमचा अडकतो. मागे-पुढे केल्याने चुरा दळला जाऊन तेलाबरोबर बाहेर येतो. लालसर काळा चिखल बाहेर येताना दिसला की समजायचं, जमलं.

आणि शेगडी. दहा मिलिमीटरचा नट तीनशे अंशांनी तापवला, तर त्याचं भोक 0.036 मिलिमीटरने मोठं होतं. केसाच्या निम्म्या जाडीएवढं! इतक्याशा फरकाने वर्षानुवर्षांची पकड सुटते. मात्र तापवायचा तो नट किंवा भोवतालचा कान. बोल्ट तापवला तर तोच फुगून आणखी घट्ट होईल. ॲल्युमिनियमच्या कानाला तर ज्योतीचीही गरज नाही. ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, उकळतं पाणी ओतूनही कधीकधी बोल्ट सुटतो. तापलेल्या फटीवर मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आपसूक आत ओढलं जातं आणि तेलाचं काम करतं. हे पहिल्यांदा पाहणारा माणूस थक्क होतो, होणारच.

यातलं सगळ्यात अवघड ज्ञान मात्र हातात असतं. बोल्ट सुटणार असेल तेव्हा पान्यातून "टक्" असा कोरडा झटका येतो आणि पुढे कर्रर्र आवाज. बोल्ट तुटणार असेल तेव्हा आवाज येत नाही. पाना हळूच, गुळगुळीत, नरम फिरतो. नवख्याला वाटतं सुटला. खरं तर आत पोलाद पिळलं जात असतं. त्या नरमपणाला ओळखून जो थांबतो, परत आवळून तेल टाकतो आणि उद्यावर ढकलतो, त्याला मी कुठल्याही इंजिनिअरच्या बरोबरीचा मानतो.

तरीही ब्रॅकेटचा बोल्ट इंजिनाच्या बिडात तुटलाच, तर उरलेल्या तुकड्यावर नट ठेवून तो आतून वेल्ड करतात. पाना लावायला नवा माथा मिळतो, हा यातला छोटा फायदा. मोठा फायदा उष्णतेचा. वेल्डिंगच्या धगीने तुकडा लालबुंद होतो, भोवतालचं बीड तुलनेने थंड राहून त्याला फुगू देत नाही, तुकडा आतल्या आत दाबला जातो आणि निवताना आधीपेक्षा बारीक होतो. गंजाची पकड तुटते. मग तोच हट्टी तुकडा कित्येकदा साध्या पान्याने फिरत बाहेर येतो.

तुमच्या जुन्या गाडीवर हे काम करणार असाल, तर बॅटरीची निगेटिव्ह तार सर्वांत आधी काढा, कारण डायनमोच्या जागी बसणाऱ्या ऑल्टरनेटरची जाड तार गाडी बंद असतानाही जिवंत असते. ज्योत पेटवण्याआधी पेट्रोलची नळी आणि बेल्ट बाजूला करा. नवे बोल्ट बसवताना आट्यांवर बोटाने थोडं ग्राफाइट ग्रीस फिरवा, आणि ग्रीस लावलेला बोल्ट नेहमीपेक्षा थोडा कमी आवळा. घर्षण घटल्यामुळे तेवढ्याच जोरात तो जास्त ताणला जातो.