क्ष-किरण युग्मताऱ्यांचे अवकाश दुर्बिणींद्वारे निरीक्षण : ‘एम ३३ एक्स-७’ या कृष्णविवराचा अभ्यास

प्रस्तावना :
जड ताऱ्यांपैकी बहुसंख्य तारे एकाकी नसून जोडीने जन्मतात. अशा जोडीतील एक तारा आयुष्य संपवून न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर बनला, की सहचर ताऱ्याचा वायू त्याच्याकडे ओढला जातो. हा वायू चकतीच्या रूपात फिरत लक्षावधी अंशांपर्यंत तापतो व क्ष-किरण उत्सर्जित करतो. अशा जोडीस क्ष-किरण युग्मतारा म्हणतात. कृष्णविवर स्वतः अदृश्य असूनही या जोडीमुळे त्याचे वस्तुमान मोजता येते. हे मापन कसे होते आणि ते कितपत विश्वसनीय असते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात एम ३३ या दीर्घिकेतील एका युग्मताऱ्याच्या आधारे केले आहे.

शेजारच्या दीर्घिकेचे महत्त्व :
आपल्या आकाशगंगेतील क्ष-किरण स्रोतांचे अंतर अनेकदा निश्चित नसते. शिवाय मधली धूळ सहचर ताऱ्याचा प्रकाश अडवते. त्रिकोण तारकासमूहातील एम ३३ ही दीर्घिका सुमारे २७ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. तिच्यातील सर्व तारे जवळजवळ एकाच अंतरावर असल्याने दिसणाऱ्या तेजावरून त्यांचे खरे तेज काढता येते. मात्र पृथ्वीचे वातावरण क्ष-किरण शोषून घेत असल्याने त्यांच्या निरीक्षणासाठी दुर्बीण अवकाशातच असावी लागते. १९७८ मध्ये सोडलेल्या आइन्स्टाइन उपग्रहाने एम ३३ मधील स्रोत प्रथम नोंदले. एक्स-७ हा त्यांपैकी एक. १९९९ मध्ये सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्या नावे अवकाशात गेलेली चंद्रा दुर्बीण सुमारे अर्ध्या विकलेच्या अंतरावरील स्रोतही वेगळे दाखवते. त्यामुळे दूरच्या दीर्घिकेतील दाटीतही एकेका युग्मताऱ्याचा अभ्यास शक्य झाला.

ग्रहणाचा उपयोग :
एक्स-७ मधील क्ष-किरण दर ३.४५ दिवसांनी मंदावतात, कारण कृष्णविवर सहचर ताऱ्याच्या आड जाते. या ग्रहणावरून कक्षेची पातळी आपल्या दृष्टिरेषेशी किती कललेली आहे, हे समजते. सहचर ताऱ्याच्या वर्णपटातील रेषांच्या सरकण्यावरून त्याचा वेग मिळतो. वेग, आवर्तकाल व कल ज्ञात झाले, की गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने दोन्ही वस्तुमानांमधील संबंध निश्चित होतो. परंतु समीकरण एक आणि अज्ञात राशी दोन असतात. म्हणून सहचर ताऱ्याचे वस्तुमान त्याचे तापमान, तेज व आकार यांवरून स्वतंत्रपणे ठरवावे लागते.

वस्तुमानाचे फेरमापन :
जेरोम ओरोझ व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये चंद्रा व हवाईमधील जेमिनी दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून कृष्णविवराचे वस्तुमान सूर्याच्या १५.६५ पट, तर सहचराचे ७० पट असल्याचे मांडले. २०२२ मध्ये वर्षा रामचंद्रन व सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीने अतिनील आणि एक्सएमएम-न्यूटन दुर्बिणीने क्ष-किरण निरीक्षणे एकाच वेळी घेऊन सहचर ताऱ्याचा नव्याने अभ्यास केला. त्यात ताऱ्याचे वस्तुमान सुमारे ३८ पट आणि परिणामतः कृष्णविवराचे ११.४ पट आले. या ताऱ्याचा बाह्य भाग त्याच्या गुरुत्वाकर्षणाच्या हद्दीबाहेर फुगलेला असून, केवळ तारकीय वाऱ्यातून मिळणारा वायू क्ष-किरणांच्या तीव्रतेस पुरेसा नाही, असेही आढळले. पुढे ही जोडी दोन कृष्णविवरांच्या रूपात टिकण्याऐवजी तारा व कृष्णविवर एकमेकांत विलीन होतील, असा या संशोधकांचा निष्कर्ष आहे.

समारोप :
या उदाहरणात ग्रहणाचा आवर्तकाल बदलला नाही. बदलले ते सहचर ताऱ्याविषयीचे आकलन. कृष्णविवराचे वस्तुमान थेट मोजले जात नाही, ते सहचराच्या आधारे निघते, आणि आधाराचा अंक बदलला की निष्कर्षही बदलतो. त्यामुळे पाठ्यपुस्तकात दिलेला वस्तुमानाचा आकडा शिकवताना तो कोणत्या निरीक्षणावर व कोणत्या गृहीतकावर उभा आहे, हे सांगणे आकड्याइतकेच आवश्यक ठरते.