कायद्याच्या महाविद्यालयात व्यापाऱ्याचे काय काम?

आपला व्यापारी किंवा कारागीर वकिलाच्या कचेरीची पायरी चढतो, ती बहुधा पैसे अडकल्यानंतर. वकील पहिले दोन-तीन प्रश्न विचारतो. ऑर्डर लेखी होती का? माल पोचल्याची सही घेतली का? पैसे कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे ठरले होते? या प्रश्नांवर आपल्याकडचे ठरलेले उत्तर म्हणजे, "साहेब, सगळा विश्वासाचा व्यवहार होता." विश्वास ही धंद्यातील मोठी पुंजी आहे, याबद्दल आमचे दुमत नाही. पण न्यायालयात विश्वासाची पावती चालत नाही. हेच प्रश्न माल पाठवण्यापूर्वी कोणी विचारले असते, तर निम्मी भांडणे उभीच राहिली नसती.

असे प्रश्न आधीच विचारणारी एक जागा बहुतेक मोठ्या शहरांत आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. ती म्हणजे विद्यापीठाचा विधी विभाग किंवा विधी महाविद्यालय. "तिथे वकील होणारी मुले शिकतात, आपले तिथे काय काम?" असे आपल्यातील अनेकांना वाटते. आमच्या मते तिथे आपले काम आहे. ते नेमके कोणते, हे या लेखात सांगण्याचा प्रयत्न आम्ही करीत आहोत.

या संस्था कार्यक्रम का घेतात?

मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासून आणि पुण्याचे आय.एल.एस. विधी महाविद्यालय १९२४ पासून कायद्याचे शिक्षण देत आहे. पुण्याच्या आझम कॅम्पसमध्येही विधी महाविद्यालय आहे. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने राष्ट्रीय विधी विद्यापीठांची तरतूद झाली आणि त्यानुसार मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे विद्यापीठे उभी राहिली.

पूर्वी कायद्याचे शिक्षण म्हणजे पुस्तके पाठ करणे व परीक्षा देणे एवढेच समजले जाई. १९८८ पासून बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयात वर्ग सुरू झाले. त्याचे संस्थापक संचालक प्रा. एन. आर. माधव मेनन यांनी प्रत्यक्ष कामातून कायदा शिकवण्यावर भर दिला. पुढे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनी मसुदालेखन, मध्यस्थी व तडजोड, वकिली व्यवसायाची नीती आणि अभिरूप न्यायालय हे विषय सक्तीचे केले. प्रत्येक संस्थेत ज्येष्ठ अध्यापकाच्या देखरेखीखाली विधी साहाय्य केंद्र असावे, असेही त्याच नियमांत आहे.

याचा सरळ अर्थ असा की या मुलांना शिकण्यासाठी खऱ्या माणसांचे खरे प्रश्न हवे असतात आणि आपल्याकडे तर प्रश्नांची कमतरता नाही. तेथील सगळेच कार्यक्रम बाहेरच्यांसाठी खुले असतात असे मात्र नाही. म्हणून सूचनाफलक पाहावा, कार्यालयात विचारावे, मगच जावे.

तीन प्रकार, तीन उपयोग

असे कार्यक्रम साधारण तीन प्रकारचे असतात. त्यांतील फरक ओळखला नाही तर दिवसाचा धंदा बुडतो आणि हाती काही लागत नाही.

पहिला प्रकार परिसंवादाचा. एखाद्या विषयावर अभ्यासक आपले निबंध वाचतात. नवा कायदा का आला आणि त्यात कच्चे दुवे कोणते, हे तिथे कळते. ज्याला केवळ आपले बिल वसूल करायचे आहे, त्याने इथे फार आशा ठेवू नये. व्यापारी संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी मात्र जरूर जावे. उद्या सरकारकडे निवेदन द्यायचे तर ही माहिती हाती लागते.

दुसरा प्रकार चर्चासत्राचा. व्यासपीठावर वकील, निवृत्त न्यायाधीश, सरकारी अधिकारी, कधी उद्योजकही बसतात. एकाच कायद्याकडे प्रत्येक जण आपल्या बाजूने पाहतो. इथला खरा लाभ शेवटच्या प्रश्नोत्तरांत असतो. प्रश्न दोन वाक्यांत विचारावा आणि आपल्या भांडणाची सगळी कहाणी सांगत बसू नये.

तिसरा प्रकार कार्यशाळेचा आणि आपल्या वाचकांसाठी तोच सर्वांत मोलाचा. इथे हातात कागद देतात. करारनामा कसा वाचावा, नोटीस कशी लिहावी, समोरच्याशी वाटाघाट कशी करावी, याचा सराव करवून घेतात. उस्तादाच्या हाताखाली बसून हुन्नर शिकावे, तसाच हा प्रकार आहे.

एका बिलाचा हिशेब

कार्यशाळेत काय शिकता येते, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, भिवंडीच्या एका छोट्या यंत्रमागधारकाने मुंबईच्या पेढीला कापड दिले. चार महिने झाले तरी पैसे नाहीत. तो रोज फोन करतो, पलीकडून "पुढच्या आठवड्यात" असे ऐकतो.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात याचे उत्तर आहे. सूक्ष्म वा लघु उद्योगाने दिलेल्या मालाचे किंवा केलेल्या कामाचे पैसे लेखी ठरलेल्या तारखेपर्यंत दिले पाहिजेत आणि ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी काही ठरलेच नसेल तर मुदत १५ दिवसांची आहे. मालाबद्दल तक्रार असल्यास खरेदीदाराने ती १५ दिवसांत लेखी कळवायची असते. चार महिन्यांनी "माल खराब होता" असे तोंडी सांगणाऱ्याची बाजू इथेच लंगडी पडते.

पैसे थकले तर राज्याच्या सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. तेथे आधी तडजोडीचा प्रयत्न होतो आणि तो फसला तर लवादाचा निवाडा होतो. निवाड्याविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्या खरेदीदाराला निवाड्याच्या रकमेपैकी ७५ टक्के आधी भरावे लागतात. थकलेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याजाची तरतूदही या कायद्यात आहे. आपल्यातील अनेकांना व्याज नको असते. त्यांनी आपल्या अर्जात केवळ मुद्दल मागावी. व्याज नको म्हणून मुद्दलाचा हक्कही सोडून देणे हा मात्र निव्वळ तोटा आहे.

आता यातील दोन बारकावे पाहा. एक, उद्योगाची 'उद्यम' नोंदणी माल देण्यापूर्वीच केलेली असावी. नंतर नोंदणी करून जुन्या बिलांवर दावा करता येतो का, यावर वरच्या न्यायालयांपर्यंत वाद गेलेले आहेत. त्या वादात आपण कशाला पडावे? दोन, २०२१ मध्ये ठोक व किरकोळ व्यापाऱ्यांनाही 'उद्यम' नोंदणी खुली झाली, पण ती प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती. म्हणजे कापड विणणाऱ्याला विलंबित देण्याच्या या तरतुदीचा आधार आहे, तेच कापड आणून विकणाऱ्याला नाही. नोंदणीचा कागद दोघांकडे सारखाच दिसतो, हक्क मात्र सारखा नाही. असा फरक बाजारात कोणी सांगत नाही, कार्यशाळेत तो विचारता येतो.

तारखांचे ज्ञान

व्यापाऱ्याला कोणता माल कधी विकावा हे कळते, पण कायद्याची मुदत कधी संपते हे कळत नाही. धनादेश परत आला, तर बँकेकडून ते कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला समोरच्यास १५ दिवस मिळतात. त्यानंतर एका महिन्यात फौजदारी तक्रार करायची असते. विकलेल्या मालाच्या उधारीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची. ती संपण्यापूर्वी समोरच्याने सहीनिशी देणे कबूल केले, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. वर्षाअखेरीस खात्याच्या उताऱ्यावर "बाकी मान्य" अशी सही घेण्याची जुन्या पेढ्यांची रीत म्हणूनच शहाणपणाची होती.

भागीदारीचेही तसेच. भावाभावांची पेढी वर्षानुवर्षे चालते, पण १९३२ च्या कायद्याप्रमाणे तिची नोंदणी नसेल तर त्या पेढीला कराराच्या आधारे बाहेरच्या बाकीदारावर दावा लावता येत नाही. नोंदणीचा खर्च किरकोळ, नसल्याचा फटका भारी.

बोलून मिटवण्याची विद्या

मध्यस्थी व वाटाघाटीच्या कार्यशाळांकडे आम्ही वाचकांचे खास लक्ष वेधू इच्छितो. २०१५ च्या व्यापारी न्यायालयांच्या कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. तीन लाख रुपये व त्यावरील व्यापारी वादात तातडीचा अंतरिम हुकूम नको असेल, तर दाव्यापूर्वी मध्यस्थीचा प्रयत्न करावाच लागतो. ही अट सक्तीची आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. पुढे २०२३ मध्ये मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाही झाला.

म्हणजे वाटाघाटीच्या टेबलावर आपल्याला बसावे लागणारच आहे. तिथे आवाज चढवणारा जिंकत नाही. आपली किमान अपेक्षा काय, समोरच्याची अडचण काय, हप्त्याने घेतले तर तारण काय, हे आधी लिहून नेणारा जिंकतो. आपल्या मोहल्ल्यात वडीलधाऱ्यांना बसवून वाद मिटवण्याची रीत आहेच. तिला कागदाची जोड कशी द्यावी, एवढेच शिकायचे आहे.

काय मिळणार नाही

विद्यार्थी हा वकील नव्हे. सनद मिळेपर्यंत तो आपल्या वतीने न्यायालयात उभा राहू शकत नाही. कार्यशाळेतील सल्ला सर्वसाधारण असतो. आपल्या प्रकरणाची मुदत जवळ आली असेल तर कार्यशाळेची वाट न पाहता वकील गाठावा.

वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वा तालुका विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे ठराविक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळतो. स्त्रियांना तर उत्पन्नाची अटच नाही. घरी बसून जरीकाम, शिलाई वा भरतकाम करणाऱ्या आणि दलालाकडे मजुरी अडकलेल्या आपल्या भगिनींपर्यंत ही गोष्ट अजून पोचलेली नाही. त्यांनी १५१०० या क्रमांकावर फोन करून माहिती घ्यावी.

जाताना काय न्यावे

आपल्या धंद्यातील एक प्रत्यक्ष कागद न्यावा. ऑर्डर, चलान, बिल किंवा करारनामा यांपैकी कोणताही चालेल. नेताना मूळ प्रत नव्हे, झेरॉक्स न्यावी आणि समोरच्या पेढीचे नाव झाकावे. "यात काय कमी आहे?" हा एकच प्रश्न विचारावा. त्याच्या उत्तरातून पुढच्या शंभर बिलांचा नमुना सुधारतो.

एकट्याने जायला संकोच वाटत असेल, तर संघटनेने पुढाकार घ्यावा. जवळच्या विधी महाविद्यालयाच्या प्राचार्यांना व विधी साहाय्य केंद्राला पत्र लिहावे, आपल्या धंद्याची अडचण चार ओळींत मांडावी आणि आपल्याच बाजारात, सुट्टीच्या दिवशी कार्यशाळा घेण्याची विनंती करावी. मुलांना शिकण्यासाठी प्रत्यक्ष प्रश्न मिळतील, आपल्याला कागद नीट करून मिळेल. यंत्र आणताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. ज्या कागदावर त्या यंत्राची सारी कमाई अवलंबून आहे, त्याचीही एकदा चौकशी करावी, एवढेच आमचे सांगणे आहे.