इशारा वाजेल, पण फोन सुरू असेल का?

पावसाळ्यात भोर-महाड रस्त्यावरचा वरंध घाट बंद झाल्याची बातमी आली, की मागोमाग मोबाईलवर अतिवृष्टीचे इशारेही येऊ लागतात. 2023 मध्ये ‘सेल ब्रॉडकास्ट’च्या चाचण्या झाल्या तेव्हा खिशातले फोन कसे किंचाळले, ते आठवत असेल. यंत्रणा चांगलीच आहे. टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनवर इशारा एकदम पोहोचतो, त्याला इंटरनेटही लागत नाही. अट एकच, फोन सुरू हवा.

इथेच घोडं पेंड खातं. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच सुमारास महाड सावित्री नदीच्या पुरात होतं. वीज नव्हती, फोन लागत नव्हते. लाईट जाऊन दोन दिवस झालेल्या वाडीत इशारा वाजणार कशावर?

घाटात फोनची बॅटरी खिशातल्या खिशातही उतरते. टॉवर लांब, मध्ये डोंगर. संदेश पोहोचावा म्हणून 4जी फोन प्रक्षेपणाचा जोर 200 मिलिवॅटपर्यंत वाढवतो. रेंज गेलीच, तर टॉवर शोधत बसतो. त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर अडकलेला फोटो पुन्हा पुन्हा धडका मारतो. एरोप्लेन मोड लावला तर चार्जिंग वाचतं, पण इशाराही बंद!

अशा वेळी 2003 चा नोकिया 1100 आठवतो. बॅटरी अवघी 850 एमएएच, तरी नुसता सुरू ठेवला तर 400 तासांपर्यंत चालेल असा कंपनीचा दावा होता. डोक्यावर टॉर्च, धूळ आत न जाणारा कीपॅड, हाताने काढता येणारी बॅटरी. आज 5000 एमएएच सर्रास मिळते आणि फोन रोज चार्जिंगला लागतो. जवळपास सहापट ताकद मोठ्या झगझगीत पडद्याला, सेकंदाला 120 वेळा बदलणाऱ्या चित्राला आणि पाठीमागे राबणाऱ्या अ‍ॅप्सना वाहिली. ग्राहकाचा ‘अनुभव’ म्हणजे गुळगुळीत स्क्रोलिंग, हे परस्पर ठरून गेलं. दरडीखालच्या वाडीला कोणी विचारलं नाही.

तूर्त लाईट गेली की डेटा बंद करा, पडदा मंद करा, पण नेटवर्क चालू राहू द्या. घरातला एक साधा फोन पूर्ण चार्ज करून बाजूला ठेवा. आणि सरकारने कंपन्यांना एक सक्ती करावी: रेंजची एकच दांडी असताना फोन किती तास टिकतो, तो आकडा खोक्यावर छापा.