कार्ताहेना दूर, दमण जवळ

मागच्या महिन्यात होस्टेलवर आम्ही चौघंपाचजण मोबाइलवर कार्ताहेनाचे व्हिडिओ बघत बसलो होतो. कोलंबियातलं, कॅरिबियन समुद्रावरचं हे शहर स्पॅनिश लोकांनी 1533 मध्ये वसवलं. चाच्यांच्या भीतीनं त्याला तट बांधले, आणि आज त्याच तटांच्या आत रंगीत घरं, गाणीबजावणी, पर्यटकांची झुंबड! गार्सिया मार्केझनं तरुणपणी पत्रकारिता केली ती याच शहरात. एक मैत्रीण म्हणाली, "आयुष्यात एकदा तरी जायचंच." मी म्हणालो, "जा की. पण पासपोर्ट निघेपर्यंत दमण बघून ये."

सगळे हसले. का हसले ते मला ठाऊक होतं.

माझं घर बारडोलीचं. आजोबा खानदेशातून ताप्ती लाइनच्या गाडीनं इकडे आले नि इथलेच झाले. आमच्या भागात दमण या शब्दाला एकच अर्थ. गुजरातमध्ये दारूबंदी, दमण केंद्रशासित. तिथं दारू उघड मिळते. "दमणला चाललो" म्हटलं की समोरचा डोळा मारतो. आमच्या घरी मात्र कुणी डोळा मारत नाही. माझ्या काकांच्या दर शनिवारी दमणच्या फेऱ्या व्हायच्या. ते पंचेचाळिशीच्या आत गेले. त्यामुळे पहिल्यांदा निघालो तेव्हा आजीला मी "वापीला जातोय" एवढं अर्धंच खरं सांगितलं.

वापी स्टेशनवरून दमण साधारण बारा किलोमीटर. रिक्षावाल्यानं विचारलंच, "बार के बीच?" मी म्हणालो, "किल्ला."

दमणगंगा नदी गावाचे दोन भाग करते. उत्तरेला नानी दमण, म्हणजे बाजार, हॉटेलं, मासेमारीच्या होड्या आणि संत जेरोमचा छोटा किल्ला. दक्षिणेला मोटी दमण. नावात मोटी असली तरी गजबज सगळी नानीकडे. मोटी दमणच्या तटाच्या आत शिरलात की आवाज एकदम खाली येतो. सरळ रस्ते, जुनी झाडं, सरकारी कचेऱ्या, बॉम जेझूस चर्चचं कोरीव लाकूडकाम. बोकाज हा पोर्तुगीज कवी अठराव्या शतकात इथं लष्करी नेमणुकीवर आला होता आणि नेमणूक अर्धवट टाकून पळाला!

आता एक गोष्ट समजून घेण्यासारखी. पोर्तुगिजांचं वसईही होतं. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पुढे तटातलं ते शहर ओस पडलं. आज आपण तिथं भग्न भिंती बघतो. दमण 1559 मध्ये पोर्तुगिजांकडे गेलं ते थेट 19 डिसेंबर 1961 पर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. ते मुक्त करण्याच्या लढाईत मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन आघाडीवर होती. सत्ता बदलली, पण तटाच्या आतलं कामकाज थांबलं नाही. म्हणून वसईला अवशेष दिसतात आणि दमणला वस्ती. कार्ताहेनाशी खरं साम्य हे आहे.

या वस्तीची स्वतःची सुखदुःखं आहेत. काही घरांत अजून पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं, त्यामुळे बरीच कुटुंबं इंग्लंडला गेली. पर्यटक आत येतात नि गावकरी बाहेर जातात. ऑगस्ट 2003 मध्ये नदीवरचा पूल कोसळला, त्यात शाळेची मुलं गेली. किनाऱ्यावर बाटली घेऊन बसणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? मलाही नव्हतं. काकांनाही नसावं, इतक्या वेळा जाऊन त्यांनी दमण पाहिलंच नव्हतं.

म्हणून जाणार असाल तर एवढं करा. सकाळी मोटी दमण पायी फिरा. चर्चमध्ये हळू बोला, कुणाच्या दारात उभं राहून विचारल्याशिवाय फोटो काढू नका. संध्याकाळी जांपोरच्या किनाऱ्यावर बसा. देवकाला नवा किनारा-रस्ता झालाय, पण गर्दी फार.

घरी परतल्यावर आजीला सगळं खरं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिथं माणसं राहतात, हे कधी मनातच आलं नाही रे." थोड्या वेळानं विचारलं, "पूल परत बांधला का?"

"हो, आजी. नव्या पुलावरूनच गेलो मी."

"बरं झालं," ती म्हणाली.