फिरते पाते थांबते कसे?

आमच्या घरी कडबा कुट्टीचे यंत्र आहे. विजेचे बटण बंद केले तरी पाती बसवलेले त्याचे जड चाक काही वेळ फिरतच राहते. अडकलेला कडबा ओढायला नेमका त्याच वेळी हात पुढे जातो. माझ्या चुलत्यांची दोन बोटे अशीच गेली. वीज तेव्हा बंदच होती. त्यामुळे मोठ्या मैदानांवरील गवत कापणाऱ्या यंत्रांत पाते थांबवण्याची निराळी सोय असते हे वाचनात आले, तेव्हा ती समजून घ्यावीशी वाटली.

मिनिटाला 3000 फेरे घेणारे पाते सेकंदाला 50 वेळा फिरते. त्याचा वेग एकसारखा कमी होत ते 3 सेकंदांत थांबले, तरी तेवढ्यात 75 फेरे होतात. घरगुती, ढकलत न्यायच्या यंत्राचे पाते मूठ सोडल्यापासून 3 सेकंदांत थांबलेच पाहिजे, असा नियम अमेरिकेत 1982 साली लागू झाला. मोठ्या यंत्रांची पाती जड असतात. त्यांना आवरणे अधिक अवघड.

यांतील काही यंत्रांत पाते तेलाच्या दाबावर फिरते. इंजिन पंप चालवते, पंप तेल ढकलतो आणि ते तेल हायड्रॉलिक मोटर फिरवून टाकीत परत येते. चालकाने बटण बंद केले की झडप सरकते व पंपाचे तेल परस्पर टाकीकडे वळते. परंतु पाते गतीमुळे फिरतच असते. आता गंमत अशी, की मोटर पात्याला फिरवण्याऐवजी पातेच मोटरला फिरवू लागते. म्हणजे मोटरचाच पंप होतो!

या पंपातून बाहेर पडणाऱ्या तेलाची वाट ब्रेकची झडप अडवते. तेल दाबले जात नसल्यामुळे दाब झपाट्याने वाढतो आणि तोच पात्याला विरोध करतो. वाट पूर्ण बंद केली तर नळी फुटेल किंवा दांडा मोडेल. म्हणून ठरावीक दाबाला झडप थोडी उघडते व तेल चिंचोळ्या फटीतून बाहेर पडते. पात्याची गती अशा रीतीने उष्णतेत बदलते आणि ती उष्णता तेल वाहून नेते. मोटरच्या दुसऱ्या बाजूला तेल कमी पडून पोकळी होऊ नये, यासाठी एका एकमार्गी झडपेतून तेथे तेल पुरवले जाते. झिजणारा ब्रेक-पट्टा येथे लागत नाही.

तथापि हा ब्रेक गती मारतो, पाते धरून ठेवत नाही. नळी फुटून तेल गेले तर ब्रेकही गेला. म्हणून इंजिन बंद करून, किल्ली काढून, पाते थांबल्याचे डोळ्यांनी पाहिल्यावाचून हात घालू नये.

आमच्या कुट्टीला असा ब्रेक नाही. तेथे चाक थांबेपर्यंत वाट पाहणे हाच ब्रेक. चुलते आता चाकापाशी उभे राहतात आणि ते पुरते थांबल्यावाचून कोणालाही पुढे येऊ देत नाहीत.