युद्धमंत्री झालेला गणिती

खडू फळ्यावर ओढला तर सलग रेघ उमटते. तोच तिरका धरून पुढे ढकलला तर थडथडत उड्या मारतो आणि रेघेऐवजी ठिपक्यांची रांग उमटते. फळ्यापुढे उभं राहून शिकवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. १८९५ मध्ये पॅरिसच्या एका तरुण गणितज्ञानं या प्रकारच्या घसरणीच्या मुळाशी जाऊन एक चमत्कारिक गोष्ट दाखवली. वस्तू पूर्णपणे दृढ आहे असं मानून कुलाँचा घर्षणाचा नियम लावला, तर काही परिस्थितींत गतीची समीकरणं आपापसांतच भांडू लागतात. एक तर उत्तरच निघत नाही, नाहीतर एकाहून अधिक निघतात. यंत्रमानवांच्या हातापायांचा हिशेब करणाऱ्या अभियंत्यांना आजही या विरोधाभासाला तोंड द्यावं लागतं.

त्या गणितज्ञाचं नाव पॉल पँलव्हे. पहिल्या महायुद्धाच्या ऐन कठीण वर्षात तेच फ्रान्सचे युद्धमंत्री होते आणि दोन वेळा देशाचे पंतप्रधान झाले. गणितातून राजकारणात गेलेला माणूस म्हटलं की मराठी वाचकाला रँग्लर परांजपे आठवतात. केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले परांजपे पुढे मुंबई प्रांताचे मंत्री झाले. पण पँलव्हे यांच्या वाट्याला लाखो सैनिकांच्या जिवाचे निर्णय आले. म्हणून त्यांची गोष्ट वेगळ्या वजनाची आहे.

जन्म पॅरिसचा, ५ डिसेंबर १८६३. एकोल नॉर्मालमध्ये शिक्षण, १८८७ मध्ये डॉक्टरेट, मग जर्मनीत ग्योटिंगेनला काही काळ, आणि सदतिसाव्या वर्षी विज्ञान अकादमीचं सदस्यत्व. त्यांचं सर्वांत मोठं काम अवकल समीकरणांतलं. एखादी गोष्ट क्षणोक्षणी कशी बदलते याचा नियम दिलेला असतो. त्यावरून ती पुढे कुठे जाईल हे काढायचं. वाटेत कुठेतरी उत्तर बिघडतं, अनंताकडे पळतं. साध्या, रेषीय समीकरणांत ही बिघाडाची जागा समीकरणाकडे बघूनच सांगता येते. अरेषीय समीकरणांत ती जागा सरकते; सुरुवात जराशी बदलली की बिघाड भलतीकडेच होतो. पँलव्हे यांनी विचारलं, की दुसऱ्या क्रमाची अशी कोणती समीकरणं आहेत, ज्यांत सरकणारा बिघाड हिशेबात पकडता येईल इतका सौम्यच राहतो? छाननीअंती पन्नास प्रकार हाती आले. त्यांपैकी ४४ जुन्या, माहीत असलेल्या फलनांनी सुटत होते. उरलेल्या सहांना नवी फलनंच लागली. पँलव्हे यांच्या पहिल्या यादीतून काही प्रकार निसटले होते. ते त्यांचे शिष्य गांबिए यांनी भरून काढले, आणि सहावं समीकरण १९०५ मध्ये रिचर्ड फुक्स यांनी पुढे आणलं. तरी सहाही समीकरणं पँलव्हे यांच्याच नावानं ओळखली जातात, आणि ते योग्यच आहे. प्रश्न त्यांचा होता. १९७० च्या दशकात चुंबकत्वाच्या सिद्धांतात ही फलनं अचानक समोर आली. नंतर यादृच्छिक सारण्यांच्या अभ्यासात तर त्यांच्याशिवाय पान हलेना.

राजकारणात त्यांना ओढून आणलं ते द्रेफ्यूस प्रकरणानं. कॅप्टन आल्फ्रेद द्रेफ्यूस या ज्यू अधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून १८९४ मध्ये शिक्षा झाली होती. पँलव्हे यांचे सहकारी गणितज्ञ जाक आदामार हे द्रेफ्यूस यांच्या पत्नीचे नातेवाईक. द्रेफ्यूस निर्दोष आहेत असंच आदामार यांनी एकदा पँलव्हे यांना बोलून दाखवलं होतं. ते बोलणं एका तोंडून दुसऱ्या तोंडी जात लष्कराच्या फायलीत पोचलं तेव्हा उलटं झालं होतं: घरच्यांनाही द्रेफ्यूसचा भरवसा वाटत नाही, असं! खाजगीतल्या गप्पांचा असा पुरावा झालेला पाहून पँलव्हे गप्प बसले नाहीत. १८९९ मध्ये रेनच्या लष्करी न्यायालयात त्यांनी साक्ष दिली आणि मी काय ऐकलं, काय नाही, हे सेनाधिकाऱ्यांच्या तोंडावर सांगितलं. त्याच न्यायालयात त्यांनी आंरी प्वाँकारे यांचं पत्रही वाचून दाखवलं. हस्ताक्षराच्या पुराव्याला बर्तियाँ नावाच्या तज्ज्ञानं संभाव्यतेच्या गणिताचा मुलामा दिला होता. त्या गणितात कसलाच शास्त्रीय आधार नाही, असं प्वाँकारे यांचं म्हणणं होतं. न्यायालयानं द्रेफ्यूस यांना पुन्हा दोषीच ठरवलं. दहा दिवसांत राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली, पण पूर्ण निर्दोषत्व मिळायला १९०६ उजाडलं. मला हा पँलव्हे यांच्या आयुष्यातला सर्वांत उजळ प्रसंग वाटतो. कोणतंही पद हाती नसलेला एक प्राध्यापक फक्त एका वाक्याच्या खरेपणासाठी सैन्याच्या प्रतिष्ठेपुढे उभा राहिला.

१९०२ मध्ये मुलगा झाला आणि लगेच पत्नी गेली. (हा मुलगा, जाँ पँलव्हे, पुढे पाण्याखालच्या जिवांवरच्या चित्रपटांमुळे प्रसिद्ध झाला.) १९०८ च्या ऑक्टोबरमध्ये ल माँजवळच्या ओव्हूरच्या मैदानावर विल्बर राइट यांच्या शेजारी बसून पँलव्हे तासाहून अधिक वेळ हवेत राहिले, प्रवाशासह उड्डाणाचा तो तेव्हाचा विक्रम होता. लगोलग त्यांनी विमानविद्येचं अध्यापन सुरू केलं. १९१० मध्ये पॅरिसच्या विद्यापीठ परिसरातून ते संसदेत निवडून गेले. १९१५ च्या अखेरीस ब्रियाँ मंत्रिमंडळात शिक्षणाबरोबर युद्धोपयोगी शोधांचं खातं त्यांच्याकडे आलं. त्या कामाला त्यांनी एमिल बोरेल यांच्यासारखे गणितज्ञ जुंपले. मार्च १९१७ मध्ये ते युद्धमंत्री झाले.

खरी परीक्षा इथे होती. सरसेनापती निवेल यांनी एन नदीकाठच्या शमँ दे दाम या टेकडीरांगेवर प्रचंड हल्ल्याची योजना आखली होती. एक-दोन दिवसांत शत्रूची फळी फोडतो, असं त्यांचं आश्वासन होतं. पँलव्हे यांना ते पटत नव्हतं. जर्मन सैन्य आधीच मागे सरकून पक्क्या मोर्चांत बसलं होतं. रशियात झार गेला होता, त्यामुळे पूर्वेकडच्या मदतीचा भरवसा उरला नव्हता. अमेरिका युद्धात उतरत होती, म्हणजे थांबण्यात फायदा होता. त्यांनी निवेलच्या हाताखालच्या सेनानींना गाठून त्यांचं मत विचारलं. पेतँ यांच्यासह अनेकांनी शंकाच बोलून दाखवली. ६ एप्रिलला कॉम्पिएन्य इथे राष्ट्राध्यक्षांच्या रेल्वेगाडीत बैठक झाली. राष्ट्राध्यक्ष होते रेमों प्वाँकारे, गणितज्ञ प्वाँकारे यांचे चुलतभाऊ. निवेल यांनी राजीनामा पुढे केला. तो कुणीच घेतला नाही.

पँलव्हे यांनीही आग्रह धरला नाही. हल्ला १६ एप्रिलला सुरू झाला. फळी फुटली नाही, आणि दहा दिवसांत मृत व जखमी मिळून आकडा लाखावर गेला. पाठोपाठ फ्रेंच पलटणींनी आघाडीवर जायला नकार द्यायला सुरुवात केली. मे महिन्यात पँलव्हे यांनी निवेलना हटवून पेतँ यांना आणलं आणि फॉश यांना लष्करप्रमुख केलं. दोन्ही निवडी अचूक ठरल्या, पण उशिरा. रेनमध्ये त्यांना फक्त खरं बोलायचं होतं. कॉम्पिएन्यला खरं काय ते त्यांना समजलं होतं. ते इतरांच्या गळी उतरवायचं होतं, आणि गरज पडली तर स्वतःचं पद पणाला लावायचं होतं. तिथे ते कमी पडले. नव्या मंत्र्यानं ऐन वेळी सरसेनापती बदलला असता तर सरकार कोसळलं असतं, ही त्यांची अडचण खरी होती. तरीही राजीनाम्याचा कागद त्यांच्याकडून यायला हवा होता, असं वाटल्यावाचून राहत नाही.

सप्टेंबरमध्ये ते पंतप्रधान झाले. जेमतेम दोन महिने टिकले. इटलीचं सैन्य कापोरेत्तोला कोसळल्यावर नोव्हेंबरमध्ये रापालो इथे दोस्तराष्ट्रांची सर्वोच्च युद्धपरिषद उभी राहिली, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढच्याच आठवड्यात संसदेनं त्यांना खाली खेचलं आणि क्लेमाँसो आले.

गणित त्यांनी सोडलं नव्हतं. १९२१ मध्ये आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांच्या उत्तराचं एक नवं रूप त्यांनी अकादमीपुढे मांडलं. ताऱ्याभोवतीच्या विशिष्ट अंतरावर भिंत उभी आहे असं जे तेव्हा वाटत होतं, ती या रूपात नाहीशी होते. पँलव्हे यांनी त्यावरून सिद्धांतच संदिग्ध असल्याचा निष्कर्ष काढला. तो चुकला, पण गणित खरं होतं. कृष्णविवरांच्या अभ्यासात ते आज सर्रास वापरतात.

१९२४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक ते हरले आणि १९२५ च्या एप्रिलमध्ये पुन्हा पंतप्रधान झाले. बोरेल नौदलमंत्री झाले. या सरकारची आठवण मात्र सुखद नाही. फ्रँक घसरत होता, मोरोक्कोत रिफच्या लढवय्यांशी युद्ध चाललं होतं, आणि सीरियातलं बंड मोडायला ऑक्टोबरमध्ये दमास्कसवर फ्रेंच तोफा डागल्या गेल्या. एका निरपराध कॅप्टनसाठी उभा राहिलेला माणूस वसाहतींतल्या माणसांसाठी उभा राहिला नाही. हा डाग त्यांच्यावर राहतोच. नंतर युद्धमंत्री असताना पूर्व सीमेवरच्या तटबंदीचं काम त्यांनी सुरू केलं. नाव लागलं त्यांच्यानंतरच्या माजिनो यांचं. पुढे दोनदा ते हवाईमंत्री होते. २९ ऑक्टोबर १९३३ रोजी त्यांचं निधन झालं आणि राष्ट्रीय सन्मानानं त्यांना पाँतेओंमध्ये ठेवण्यात आलं.

खडूच्या त्याच वर्षी, १८९५ मध्ये, स्वीडनच्या राजाच्या निमंत्रणावरून दिलेल्या स्टॉकहोमच्या व्याख्यानांत त्यांनी एक प्रश्न मागे ठेवला होता. परस्परांच्या गुरुत्वाकर्षणात फिरणाऱ्या तीन वस्तूंचं गणित फक्त टक्कर झाली तरच बिघडतं, हे त्यांनी सिद्ध केलं होतं. चार किंवा अधिक वस्तू असतील तर टक्कर न होताही ते बिघडू शकेल, असा त्यांचा अंदाज होता. १९९२ मध्ये शिया झिहाँग यांनी पाच वस्तूंची अशी मांडणी प्रसिद्ध केली, ज्यात काही वस्तू एकमेकांवर न आदळता ठरावीक वेळात अनंताकडे निघून जातात. चार वस्तूंसाठीची सिद्धता २०२० मध्ये छापून आली.